चुरचुर वेगळी, खाज वेगळी!

दोस्तांनो, २०२० च्या साथीत सॅनिटायझरची बाटली पुष्कळांच्या दप्तरात शिरली. लावल्या लावल्या हात चुरचुरतात ना? ती अ‍ॅलर्जी नव्हे बरं का! अल्कोहोल कातडीवरचं तेल पळवतं, मग बारीक भेगांत झोंबतं. म्हणून तर त्यात ग्लिसरीन घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीत ते १.४५ टक्के आहे.

खरी अ‍ॅलर्जी मोठी लबाड. सोमवारी सॅनिटायझर लावलात, तर खाज नि पुरळ बुधवारी! तोवर मंगळवारच्या वांग्याच्या भाजीवर आळ घेऊन सगळे मोकळे. आणि चोर बहुधा अल्कोहोल नसतंच. पुष्कळदा तो असतो छानसा लिंबा-संत्र्याचा वास! त्यातलं लिमोनीन हवेत राहून बदलतं. काहींच्या शरीरातल्या संरक्षक पेशी त्यालाच शत्रू समजतात; त्यांची फौज गोळा व्हायला एक-दोन दिवस लागतात.

मग चोर पकडायचा कसा? त्वचेचे डॉक्टर संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर दोन दिवस चिकटवून ठेवतात. (तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही. काहींची चंगळच!) पट्ट्या काढल्यावर कुठे लाल झालंय ते पाहतात, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा.

आई-बाबा, पुरळावर मनानंच मलम चोळू नका. डॉक्टरांकडे जाताना ती बाटलीही न्या. लेबल कामी येतं. तोपर्यंत बिनवासाचा साबण आणि पाणी आहेच!