आश्रमशाळांतील मुलींवरील लैंगिक अत्याचारांच्या तक्रारींबाबत निवेदन

मा. प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प यांच्या सेवेशी सविनय सादर

आश्रमशाळेतील आदिवासी मुलीवर अत्याचार करणारा बहुधा तिच्या रोजच्या पाहण्यातला असतो: ताटात वाढणारा, हजेरी घेणारा, रात्री फाटकाशी बसणारा. तक्रार ऐकणारे त्याचेच सहकारी. आईबाप ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर, फोन मुख्याध्यापकांच्या खोलीत. त्यामुळे अशा प्रकाराला वाचा फुटते ती सुटीत. २०१६ साली खामगाव तालुक्यातील अनुदानित आश्रमशाळेचे प्रकरण दिवाळीला मुलगी घरी गेल्यावरच उघडकीस आले.

प्रकल्पातील शाळांत तक्रारपेट्या आहेत, हे मान्य. परंतु पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी टांगलेली आणि किल्ली त्यांच्याच टेबलाच्या खणात. मुलीने चिठ्ठी टाकली तर ती कोणी टाकली हे मधल्या सुटीपर्यंत सगळ्यांना कळते. पेटी वसतिगृहाच्या आत लावून किल्ली बाहेरच्या महिला अधिकाऱ्याकडे देण्याचे आश्वासन गेल्या वर्षीच्या बैठकीत मिळाले होते. पेट्या होत्या तिथेच आहेत.

यापुढचा प्रकार अधिक गंभीर आहे. तक्रार आली की पोलिसांऐवजी आधी संस्थाचालक, मग पालक, मग गावातील चार वजनदार माणसे बोलावली जातात. ‘पोरीचं लग्न व्हायचंय’ म्हणून बापाला गप्प केले जाते. तोवर कपडे धुतले जातात आणि वैद्यकीय पुरावा हातचा जातो. शाळेच्या चौकशीत मुलीला पहिला प्रश्न असतो, ‘ओरडली का नाहीस?’ १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या प्रकरणातही अंगावर जखमा नाहीत याला महत्त्व देत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. त्याविरुद्ध चार विधी-अध्यापकांनी १९७९ मध्ये खुले पत्र लिहिले, देशभर मोर्चे निघाले, १९८३ मध्ये बलात्काराविषयीचा कायदा बदलला. आश्रमशाळेच्या चौकशीपर्यंत तो बदल अजून पोहोचायचा आहे. शेवटी कर्मचाऱ्याची बदली दुसऱ्या आश्रमशाळेत होते, म्हणजे पुन्हा मुलींमध्येच. आणि मुलीच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ असा शेरा पडतो. या बदल्या थांबवण्याचा शब्दही दोनदा दिला गेला आहे.

प्रकरण ठाण्यात पोहोचलेच, तर कोरकू किंवा माडिया बोलणाऱ्या मुलीचा जबाब ठाण्याच्या साच्यातील मराठीत उतरतो. पुढे न्यायालयात तिने कधी न उच्चारलेल्या वाक्यांवर तिची उलटतपासणी होते.

याकरिता तक्रार येताच, शाळेची चौकशी वा समेट न करता, पोलिसांना कळवावे; विलंब करणाऱ्या मुख्याध्यापकांवर कारवाई करून ती लेखी कळवावी. आरोप झालेल्या कर्मचाऱ्यास कोणत्याही निवासी शाळेत नेमू नये. ‘सतत गैरहजर’ शेरा असलेल्या प्रत्येक मुलीच्या घरी महिला कर्मचारी पाठवून कारण विचारावे, आणि त्या भेटीत शाळेचे कोणी सोबत नसावे. अधीक्षिकेची रिक्त पदे भरावीत. एका अधीक्षिकेकडे दोन शाळांचा कारभार म्हणजे रात्री एक वसतिगृह वाऱ्यावर. जबाबासाठी मुलीची बोली जाणणाऱ्या, गावाबाहेरच्या स्त्रियांची यादी ठाण्यांना द्यावी. स्वच्छतागृहांना दिवे व आतून कड्या बसवाव्यात. अत्याचारग्रस्त मुलींच्या नुकसानभरपाईची थकीत प्रकरणे निकाली काढावीत.

उत्तर पंधरा दिवसांत लेखी मिळावे. गेल्या बैठकीचे इतिवृत्त मागूनही मिळालेले नाही. ते सोबत जोडावे.