सही करण्यापूर्वी

विमान इंजिनाच्या जोरावर उडते हे खरे. पण ते जमिनीवरून सोडायचे की नाही, हे आधी कागदावर ठरते. वैमानिकाचा परवाना, त्याचा वैद्यकीय दाखला, विमानाचे नोंदणीपत्र व उड्डाणयोग्यतेचा दाखला हवाच. आपल्या देशात उड्डाणापूर्वी १२ तास वैमानिकाने मद्याला शिवायचे नाही. हवामान, धावपट्टी, वजन, इंधन पाहून शेवटी कॅप्टन सही करतो. १९३४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. पण कॅप्टनची जबाबदारी कायम आहे.

एवढे सोपस्कार कशाला, असे कोणी विचारील. त्यासाठी आम्ही कॅनडातील एक हकिकत सांगतो.

२३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून एडमंटनला निघाले. इंधनाचे काटे बंद होते. अशा स्थितीत विमान सोडू नये, असा नियम होता. तरी दुरुस्ती खात्याची संमती आहे असे समजून ते सोडले गेले. टाकीत पट्टी घालून इंधन लिटरमध्ये मोजले व त्यावरून वजन काढले. हवे होते २२,३०० किलो. त्या काळी तिथे पौंड जाऊन किलो येत होते. लिटरला १.७७ ने गुणले. तो आकडा पौंडांचा. किलोसाठी हवा होता सुमारे ०.८. गुणाकार बरोबर, माप चुकले! निम्म्याहून कमी इंधनावर विमान उडाले आणि वाटेत, आकाशातच, दोन्ही इंजिने बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना बिनइंजिनाचे ग्लायडर उडवण्याचा सराव होता. त्यांनी गिमली येथील जुन्या हवाईतळावर विमान उतरवले. ६९ जणांपैकी एकही दगावला नाही.

चौकशीत मुख्य ठपका कंपनीवर आला. इंधनाचा हिशेब नेमका कोणी करायचा, हेच तिने नीट ठरवून दिले नव्हते.

वाचकहो, कायदा कॅप्टनला सहीचा मान देतो, तसाच सही नाकारण्याचा अधिकारही देतो. आपली मुले-मुली उद्या विमान चालवोत, एसटी चालवोत की गोदामाची नोंदवही सांभाळोत. 'साहेबांनी सांगितले' एवढ्यावर त्यांनी सही करू नये. आकडा कशाचा, कोणी मोजला, हे आधी विचारावे. विचारणाऱ्याला चार जण हसले तरी हसू द्यावे.