‘मोठं जेट टाका!’

भायखळ्याच्या गल्लीबोळांतून सध्या एका मंत्राचा घोष चालू आहे : ‘मोठं जेट टाका!’ जुनी स्कूटर ‘ट्यून’ करून घ्यावी, तिला नवा रंग चढवावा, आणि तरीही ती वेगात धापा टाकू लागली, की मिस्त्री हा मंत्र म्हणतो, आजूबाजूचे माना डोलावतात आणि मालक खिशात हात घालतो. ह्या मंत्राविरुद्ध मला भांडायचे आहे. दिवाळीच्या फराळाशेजारी कार्बुरेटर मांडल्याबद्दल गृहिणींनी मला क्षमा करावी. पण स्कूटरच्या मागच्या सीटवर बहुधा त्याच बसतात, तेव्हा विषय त्यांचाही आहे.

माझ्या भाच्याकडे त्याच्या वडिलांची चेतक आहे. ही गाडी १९७२ साली निघाली, आणि तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. सिलिंडराचा व्यास ५७ मिलिमीटर, दट्ट्याची धावही ५७ मिलिमीटर, म्हणजे इंजिन अवघे १४५ सी.सी.चे. आमच्या मेहुण्यांचा सारा संसार ह्याच १४५ सी.सी.ने ओढला, आणि त्याबद्दल तिने कधी कुरकुर केली नाही. चिरंजीवांना मात्र ते पुरेना. त्यांनी मोठा सिलिंडर बसवला, २० मिलिमीटरचा कार्बुरेटर काढून २४ चा घातला, आणि फुगीर पोटाचा सायलेन्सर आणला. हा सायलेन्सर धुराची लाट उलट फिरवून निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलतो. युक्ती सुरेख आहे, हे मी नाकारीत नाही. इंजिनात असे फेरफार करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हे मी सांगितले. मामाचे कोण ऐकतो?

बरे, हा वेग वापरायचा कुठे? खडा पारशापाशी तर चालायलाही जागा नाही. तिथून जवळच वर चढणाऱ्या जे. जे. उड्डाणपुलावर दुचाकींना बंदी. तेव्हा स्वारी शीव ओलांडून पूर्व द्रुतगती मार्गावर जाई. तिथे गाडी साठापर्यंत लोण्यासारखी चाले; पुढे मूठ पूर्ण पिळून एखाद-दोन किलोमीटर गेले, की इंजिन खोकायचे, मंदावायचे. मूठ सोडून जरा दम घेतला, की पुन्हा ठणठणीत!

गॅरेजवाल्याने (त्याचे नाव मी घेणार नाही) तीनदा जेट बदलले, प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठे. मग प्लग बदलला, कॉइल बदलली. रोग होता तिथेच राहिला. आणि एका रविवारी, माझी बहीण मागे बसलेली असताना, विक्रोळीच्या अलीकडे दट्ट्या सिलिंडरात चिकटला व मागचे चाक जागच्या जागी थांबले. पोराने क्लच दाबला म्हणून गाडी घसरत का होईना, कडेला लागली. बहिणीचे कोपर सोलवटले. मागून ट्रक येत नव्हता, एवढेच आमचे पुण्य.

आता ह्यात जेटाचा दोष किती? ह्या इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळते. शंभर भाग पेट्रोलला दोन भाग तेल. म्हणजे पेट्रोल कमी पोहोचले की तेलही कमी पोहोचते, आणि मिश्रण पातळ झाल्याने उष्णता मात्र वाढते. मिनिटाला ५००० फेरे म्हणजे सेकंदाला ८३ वेळा ठिणगी! अशा वेळी क्षणभराची उपासमारही जिवावर बेतते. जेट हे शेवटचे भोक आहे. त्याच्यापर्यंत पेट्रोलच येत नसेल तर ते मोठे करून काय उपयोग? नळाला पाणी नाही म्हणून तोटी रुंद करणारा प्लंबर आपण घरात ठेवू काय?

भायखळा पुलाखाली एक म्हातारे मिस्त्री बसतात. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. आधी प्रश्न विचारले. मूठ पिळताक्षणी गाडी अडते, की काही वेळ पळून मग? लगेच अडली तर जेट पाहू, ठिणगी पाहू. वेळाने अडते ना? मग पेट्रोल येते कुठून ते पाहू. आवाज जड होऊन धूर येतो, की बारीक होतो? प्लगचे तोंड काळे, की पांढरट? पांढरट, म्हणजे पातळ मिश्रण. मग त्यांनी नव्या सिलिंडराच्या गाडीवर भाच्याला आठ-दहा मिनिटे फिरवून आणायला लावले, सीट उचलली आणि टाकीचे झाकण सैल केले. झाकणाने असा लांब सुस्कारा टाकला की भाचा दचकलाच! रंगकाम करताना कोणीतरी झाकणाखाली कापून बसवलेली रबराची चकती निघाली. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असते. चकतीला ते ठेवलेच नव्हते. पेट्रोल खाली उतरे, त्याच्या जागी हवा जाईना, आणि टाकीच पेट्रोल धरून ठेवी. गावातल्या थांबत-थांबत चालण्यात हे कळत नव्हते. मोठे इंजिन भराभरा पिऊ लागले तेव्हा उघडे पडले.

म्हाताऱ्यांनी सुईने भोक पाडले. पैसे विचारले तर म्हणाले, “कशाचे? काही बदललं कुठे?”

माझा खरा राग इथे आहे, आणि तो एकट्या गॅरेजवाल्यावर नाही. आपण पार्टाचे पैसे देतो, पाहण्याचे देत नाही. दोन तास डोके खाजवून दोष शोधणाऱ्याला आपण चहा पाजतो, आणि खोक्यातून नवी कॉइल काढणाऱ्याला नोटा मोजतो. मग मिस्त्रीने पाहावे तरी कशाला? ज्या भायखळ्यात १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटचे वर्ग भरत (ती संस्था पुढे माटुंग्याला गेली), तिथल्या रस्त्यावर निदानाला किंमत शून्य! ‘पोट भरायचंय मास्तर,’ असे गॅरेजवाला मला म्हणाला. खरे बोलला. पण तीन जेटांऐवजी त्याने तीन प्रश्न विचारले असते, तर त्याचे दुप्पट पैसे मी दिले असते, आणि ते त्याला सांगून आलो आहे.

म्हाताऱ्यांच्या हातात मी बळेच पाचशेची नोट कोंबली. भाचा आता २४ चा कार्बुरेटर काढून ठेवायचे म्हणतो आहे. बहीण मात्र अजून त्याच्या मागे बसायला तयार नाही. ती बसने जाते.