उसने देता न येणारे पुस्तक

छापील पुस्तकाच्या कैवाऱ्यांचे एक लाडके पालुपद आहे: कोऱ्या पुस्तकाचा वास, पानांची सळसळ, मधे जपून ठेवलेले पिंपळपान! ई-वाचकाचा विषय निघाला की ही मंडळी डोळे मिटून तो वास हुंगू लागतात. त्यांतील कित्येकांनी गेल्या नाताळापासून एकही पुस्तक उघडलेले नाही, हे त्यांच्या घरी जाणाऱ्या-येणाऱ्यांना ठाऊक असते. वासाने आजवर कुणी वाचक झालेला नाही. तेव्हा ती बाजू मी घेणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती मला फर्दापुरात सुचली.

आमच्या धर्मग्रामाची सहल अजिंठ्याला गेली होती. छत्रपती संभाजीनगरपासून शंभरेक किलोमीटरवर, लेण्यांच्या पायथ्याशी फर्दापूर. मुक्काम तेथेच होता. मुलाने भेट दिलेले वाचनयंत्र मी सोबत घेतले होते, आणि त्याचे गुण मी मोकळेपणाने सांगतो. वजन एखाद्या वहीइतके. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. सत्तरी ओलांडलेल्या डोळ्यांना ही केवढी कृपा! त्याचा पडदा मोबाइलसारखा डोळ्यांवर झोत टाकीत नाही. त्यात सूक्ष्म कुप्या असतात, कुप्यांत काळे-पांढरे कण. विजेच्या इशाऱ्याने ते वर-खाली होतात आणि पान उमटते. एकदा उमटलेले पान टिकवायला वीज लागत नाही, म्हणून एकदा भरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. रात्री फर्दापुरात दिवे गेले, बरोबरीचे लोक कुरकुरत झोपी गेले आणि मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचीत राहिलो. प्रवासापुरते म्हणाल तर याहून सोयीचा सोबती मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी लेण्यांहून परतल्यावर स्फटिकांचे दगड विकणाऱ्या एका तरुणाच्या दुकानाशी बसलो होतो. बारावीपर्यंत शिकलेला, चौकस मुलगा. मी कशाला हसतो आहे, असे त्याने विचारले. मी यंत्र त्याच्या हाती दिले. तो उभ्याउभ्या पाच-सहा पाने वाचून गेला, गिऱ्हाईक आले तरी त्याचे लक्ष नव्हते. मग म्हणाला, “काका, हे पुस्तक ठेवून जाता का? वाचून झालं की पोस्टानं पाठवतो.”

मी गप्प झालो. पुस्तक द्यायचे तर यंत्रच द्यावे लागले असते, आणि त्याबरोबर माझी उरलेली सगळी पुस्तके आणि खात्याची किल्लीही. पुष्कळ वर्षांपूर्वी याच पुस्तकाची छापील प्रत मी एसटीत शेजारी बसलेल्या बाईंना दिली होती. चार महिन्यांनी ती पोस्टाने परत आली, चहाच्या डागासकट. आता पैसे मोजून घेतलेले पुस्तक मला देता येईना. विकत घेतले असे मी समजत होतो. खरे तर मला ते वाचण्याची परवानगी तेवढी मिळाली होती.

यावर लेखकाच्या पोटाचा प्रश्न पुढे करतात, आणि तो खोटा नाही. पण लक्ष्मीबाई १९३६ साली वारल्या. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. म्हणजे १९९६ अखेर हे पुस्तक सर्वांचे झाले. मग हे कुलूप कुणाच्या पोटासाठी?

आणि कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या हाती असली की काय होते, तेही जगाने पाहिले आहे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉन कंपनीने जॉर्ज ऑरवेलची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही पुस्तके ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, हे कारण खरे होते. पैसेही परत केले आणि पुढे कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली. परंतु रात्रीतून कपाटातले पुस्तक नाहीसे करता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच कंपनीने घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून ठेवण्याची सोयही बंद केली. बहुतेक विक्रेत्यांच्या अटी खाते दुसऱ्याच्या नावे करू देत नाहीत. बाप गेला की कपाट मुलांना मिळते. हे कपाट बापाबरोबरच मिटते.

न्यूझीलंडच्या बिशपांनी २०१२ साली वेदीवर मिस्साग्रंथाच्या जागी असली यंत्रे नकोत असे कळविले होते. मला त्यात जुनाटपणा दिसत नाही. पण तो वेदीचा प्रश्न झाला. मी घरातल्या कपाटाविषयी बोलतो आहे.

आपल्या समाजाला तर याचे भान अधिक हवे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले; १६४९ आणि १६५४ साली पुन्हा. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आजवर हाती लागलेली नाही. तरी पुराण उरले. कसे? गोवा सोडून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते हाताने उतरवून घेतले, घरात वाचले, मुलाबाळांना दिले. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी ते पुन्हा छापले. कुलूपबंद प्रत असती तर त्या कुटुंबांनी काय उतरवून घेतले असते?

अजिंठ्याचीही साक्ष काढता येते. १८४४पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी येथे वर्षानुवर्षे बसून चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये एकत्र मांडल्या होत्या; १८६६च्या आगीत बहुतेक सर्व जळाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेच्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांकडून पुन्हा काम करविले, त्यांतल्याही बऱ्याच प्रती १८८५ साली लंडनलाच जळाल्या. दोनदा एकाच शहरात!

संगणकीय प्रत क्षणात हजारांची होते, असे कुणी म्हणेल. अगदी बरोबर, आणि नेमके तेच हे कुलूप होऊ देत नाही. दोष यंत्राचा नाही. मराठी विकिस्रोतावर हक्कमुक्त पुस्तके बिनकुलपाची मिळतात, ती याच यंत्रावर सुखाने वाचता येतात आणि दहा जणांना देता येतात.

म्हणून आपल्या प्रकाशकांना माझे सांगणे आहे. संतचरित्रे, धर्मग्रामांचे सुवर्णमहोत्सवी ग्रंथ, बंद पडलेल्या मासिकांचे अंक हे सारे वाळवीच्या स्वाधीन आहे. त्यांतले जे हक्कमुक्त असेल ते खुले करा. जे नसेल त्यासाठी लेखकाची किंवा वारसांची संमती घ्या. नवे पुस्तक ई-आवृत्तीत काढाल तर कुलूप लावू नका, आणि छापील चार प्रती धर्मग्रामाच्या वाचनालयात ठेवा. ‘आता सगळे यंत्रावर’ म्हणून छपाई बंद करण्याचा ठराव कुणी मांडील त्याला विचारा, की तुमच्या पश्चात हे पुस्तक कुणाला मिळेल?

घरी आल्यावर मी ‘स्मृतिचित्रे’ची छापील प्रत घेऊन फर्दापूरला पोस्टाने धाडली. पोहोचल्याचा त्या मुलाचा फोन आला. मामेबहिणीने वाचायला नेली आहे म्हणाला. परत पाठविण्याचे त्याने काढले नाही, मीही काढले नाही.