रुळांच्या दोन बाजू

वांद्रे म्हटले की मुलांना पाली हिल, सिनेनटांचे बंगले आणि सागरी सेतू आठवतो. नकाशा शिकवताना आम्ही मात्र बोट आधी रेल्वेच्या रुळांवर ठेवतो. श्रीमंत उपनगर म्हणून ज्याचे नाव होते, ते रुळांच्या पश्चिमेचे वांद्रे.

साष्टी बेटाच्या दक्षिण टोकाचे हे गाव. पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला मिठी नदीचे मुख आणि पलीकडे माहीम. १६४० साली पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधला. १८४५ साली माहीमचा कॉजवे झाला, पुढे रेल्वे आली. टेकडी, समुद्राचा वारा आणि शहराची जवळीक यांमुळे सधन कुटुंबे पश्चिमेला स्थिरावली. पूर्वेला खाडीची दलदल होती. त्या बाजूला सरकारी वसाहत, बेहरामपाड्यासारख्या दाट वस्त्या आणि भरावावरचे वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले.

आता माणसे मोजू. २०११ च्या जनगणनेत वांद्रे, खार, सांताक्रूझ यांच्या पश्चिम भागाची, म्हणजे महापालिकेच्या एच-पश्चिम विभागाची, लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी वर होती. एच-पूर्वची साडेपाच लाखांहून अधिक. पूर्वेला सगळेच गरीब नाहीत आणि पश्चिमेलाही कोळीवाडे आहेत. तरी नाव एका बाजूचे आणि माणसे दुसऱ्या बाजूला जास्त, एवढे आकडे सांगतातच.

हे सांगण्याचे कारण घरचेच आहे. चार पैसे हाती आले की आपली कुटुंबेही मोहल्ला सोडून सोसायटीत जातात. त्यात वावगे काही नाही. पण मग मुलांना लिफ्टमधले शेजारी तेवढे ठाऊक राहतात. घरी भांडी घासायला येणारी खाला रुळांपलीकडे कुठे राहते, हे ठाऊक नसते. सूरह निसामध्ये अल्लाहने नात्यातल्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याशीही भलाईने वागण्याचा हुकूम दिला आहे.

वांद्रे स्टेशनच्या पश्चिमेला आज स्वामी विवेकानंद सरोवर म्हणतात तो तलाव नवपाड्याच्या एका श्रीमंत कोकणी मुसलमानाने बांधला होता. दौलत आली तेव्हा त्याने सर्वांसाठी पाण्याची सोय केली. सदका-ए-जारिया मुलांना समजावायला याहून जवळचे उदाहरण कोणते?

या सुट्टीत मुलांकडून आपल्या गावाचा नकाशा काढून घ्या. घर, शाळा, मशीद त्यात येईलच. खालाचे घरही दाखवायला सांगा.