वायफायच्या दावणीला आईबाप

आमच्या नागपुरातून आईबापांची परदेशी रवानगी हल्ली मोठ्या थाटाने होते. मुले तिकीट काढतात, विमा उतरवतात, स्वेटरे घेतात. मोबाईलचा विषय निघाला की मात्र उत्तर ठरलेले : "घरी वायफाय आहेच, बाहेर माझा हॉटस्पॉट!"

हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. हॉटस्पॉट म्हणजे मुलाच्या खिशातील यंत्राभोवतीचे काही पावलांचे रिंगण. मुलगा कचेरीत गेला की तेही गेले. मग ज्या गृहस्थाने चाळीस वर्षे सीताबर्डीच्या गर्दीतून सायकल हाकली, तो न्यू जर्सीत कोपऱ्यावरच्या बागेपुढे पाऊल टाकीत नाही. वाट चुकली तर नकाशा कशावर पाहणार, सूनबाईला कळवणार कसे?

रोमिंग महाग, हे खरे. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून आपापसांतला जादा आकार रद्द केला. अमेरिकेत आपल्याला तशी सवलत नाही. पण रोमिंगचा डेटा घ्या असे म्हणतो कोण? बहुतेक फोनांत दोन सिमांची सोय असते. नागपूरचा नंबर बँकेच्या ओटीपीपुरता चालू ठेवावा, त्याचा डेटा बंद करावा, आणि जोडीला तिथलेच प्रीपेड कार्ड घ्यावे. चौघांच्या एका हॉटेलातील जेवणात महिना निघतो.

"त्यांना जमत नाही हो!" असे मुले म्हणतात. याच माणसांनी तुमच्या मेसच्या मनिऑर्डरी पुण्याला बिनचूक पोचवल्या होत्या. येत्या उन्हाळ्यात ज्यांचे आईबाप निघणार असतील, त्यांनी एक स्वेटर कमी घ्यावा आणि कार्ड आधी घ्यावे.