जुने स्विच भंगारात नकोत, विद्यार्थ्यांना द्या

मुलाला कॉम्प्युटर नेटवर्किंग शिकायचे म्हटले की घरचे आधी क्लासची फी विचारतात. वास्तविक या विद्येचे मूळ साहित्य कधीच महाग नव्हते. इंटरनेटचे नियम ज्यांत नोंदले आहेत, ते आरएफसी दस्तऐवज १९६९ पासून निघताहेत आणि कोणालाही फुकट वाचता येतात. एनपीटीईएल या ऑनलाइन व्यासपीठावर आयआयटीचे प्राध्यापक हा विषय शिकवतात. पैसे पडतात ते फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला. पडद्यावरच नेटवर्क जोडून पाहता येणारे सिस्कोचे पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर नोंदणी केली की विनामूल्य मिळते. त्यात दोन संगणकांना १९२.१६८.१.१० आणि १९२.१६८.२.१० असे पत्ते द्या, मास्क नेहमीचा २५५.२५५.२५५.० ठेवा आणि स्विचने जोडून पिंग करा. उत्तर येणार नाही. मध्ये राउटर घालून दोघांना आपापला गेटवे दिला, की येईल. सबनेट म्हणजे काय, हे असे अडखळत शिकले की डोक्यात पक्के बसते.

नोकरीसाठी प्रमाणपत्र मागतात, हा आक्षेप खरा आहे. सिस्कोच्या सीसीएनए या प्रमाणपत्राची परीक्षा ३०० डॉलरची, म्हणजे पंचवीस हजार रुपयांच्या पुढे. मात्र तिला बसायला कोणत्याही क्लासची अट नाही. तेव्हा आधी फुकटात तयारी करावी आणि पैसा परीक्षेसाठी राखावा. इंग्रजीची अडचण याहून मोठी आहे. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्ससारखे विषय मराठीतून ऐकायला मिळतात. नेटवर्किंगचेही तितकेच सविस्तर धडे मराठीत व्हायला हवेत.

पडद्यावर हात तयार होत नाही, हेही मान्य. केबलला आरजे-४५ कनेक्टर लावताना पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा क्रम चुकता कामा नये, तारांचा पीळ गरजेपेक्षा जास्त उलगडता कामा नये आणि बाहेरचे आवरण कनेक्टरच्या आत दाबले गेले पाहिजे. हे क्रिम्पिंग टूल हातात घेतल्याशिवाय येत नाही. टूल काही शे रुपयांत मिळते. स्विच आणि राउटर मात्र एकट्या विद्यार्थ्याला परवडत नाहीत. दुसरीकडे बँका, महाविद्यालये आणि सरकारी कार्यालये चालू स्थितीतली जुनी यंत्रे बदलतात. त्यांत पासवर्ड आणि सेटिंग राहतात, म्हणून ती बाहेर देण्याची भीती वाटते; पण फॅक्टरी रीसेट करून, खात्री करून ती देता येतात. प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयने किंवा सार्वजनिक वाचनालयाने अशी यंत्रे मागून घ्यावीत, एक टेबल मांडावे आणि संध्याकाळी ते सर्वांना खुले ठेवावे. ज्यांच्या कार्यालयात अशी यंत्रे पडून आहेत, त्यांनी मागणीची वाट न पाहता जवळच्या आयटीआयला विचारावे.